पाण्यावरची तोंडे

नेरूळला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक होल्डिंग पॉन्ड आहे. मराठीत त्याला धारण तलाव म्हणतात, परंतु ते नाव निविदांपुरतेच. बोलताना आम्ही सगळे त्याला ‘पॉन्ड’च म्हणतो. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सात वर्षांच्या नातवाला घेऊन मी पहाटे सहाच्या आधीच तिथे पोहोचले. रात्रभर वारा पडलेला होता, आभाळ भरून आले होते पण पाऊस नव्हता, आणि अंगाला चिकटणारी ऊब पहाटेपर्यंतही उतरली नव्हती. मुगाच्या कढणासारखे हिरवट, दाट पाणी जागच्या जागी थिजल्यासारखे दिसत होते. काठाच्या दगडी बांधाला लागून त्या पाण्यावर शेकडो तोंडे उघडमीट करीत होती. अंगे पाण्याखाली, वर फक्त ओठांची गोल कड. आणि एवढ्या तोंडांचा मिळून एक आवाज येत होता, अळवाच्या पानांवर भुरभुर पाऊस पडावा तसा. नातू म्हणाला, ‘‘आजी, यांना भूक लागलीये.’’ मलाही तसेच वाटले. येताना घेतलेल्या लादीतले दोन पाव आम्ही कुस्करून पाण्यात टाकले. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी बिस्किटांचा पुडा फोडला. दोघे-तिघे मोबाईलवर चित्रण करू लागले. एकंदरीत सकाळ फार प्रसन्न होती. आम्ही तलावाला दोन फेऱ्या मारल्या, तिथल्या बाकावर बसलो, तोवर ऊन आले, वारा सुटला आणि तोंडे एकेक करून खाली गेली. ‘‘पोट भरलं त्यांचं,’’ असे मी नातवाला सांगितले आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवशी दुपारी आडवी झाल्यावर मला सारखा एक मासा आठवत राहिला. चिलापीच असावा. पावाचा तुकडा त्याच्या ओठांवर येऊन टेकला, तोंडात गेला आणि पुढच्याच उघडझापीत पुन्हा बाहेर आला. त्याने तो गिळला नव्हता. त्या तुकड्याकडे त्याचे लक्षच नव्हते.

घास तोंडात आलेला असताना त्याने सोडून दिला होता.

उलगडा झाला तो मंगळवारी, चहाचे आधण ठेवताना. पाणी उकळण्याच्या बरेच आधी पातेल्याच्या तळाला आणि कडांना मोहरीएवढे बुडबुडे चिकटतात. ती वाफ नसते. थंड पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापू लागताच बाहेर पडत असते. हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याचा प्रयोग दर वर्षी मुलांकडून करून घेतला. शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात त्याच्या जेमतेम निम्मा, ७.५, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी, सहाच्या आसपास. एक लिटर हवेत त्याच्या सुमारे चाळीसपट प्राणवायू असतो, म्हणजे मासा जगतो तो मुळातच किती तुटपुंज्या शिधेवर! हिरव्या, शेवाळलेल्या तलावात दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करते, पण रात्री ते शेवाळही तोच प्राणवायू वापरते, तळाचा कुजणारा गाळही वापरतो, आणि वारा नसेल तर वरून भर पडत नाही. म्हणून पहाट ही तलावाची सर्वांत कठीण वेळ. अशा वेळी हवेला लागून असलेल्या पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यात काय तो थोडा प्राणवायू उरतो, आणि मासे ओठ वर काढून तेवढा पापुद्रा आत ओढत राहतात. हे मला ठाऊक होते. परीक्षेत विचारले असते तर मी त्यावर पूर्ण गुणांचे उत्तर लिहिले असते. आणि गुदमरणाऱ्या माशांना मी पाव घातला, जो पाण्यात कुजताना त्यांच्याच वाट्याचा उरलासुरला प्राणवायू खाणार होता.

तो प्रयोग मला मनापासून आवडे, हेही सांगायला हवे. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये ही पद्धत शोधली, आणि इतक्या वर्षांनंतरही नव्या विद्युत उपकरणांची परीक्षा पाहायला तीच वापरली जाते. काचेच्या बुचाची तीनशे मिलिलिटरची बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, तिच्या तळाशी आधी मँगनीज सल्फेट आणि मग आयोडाइडचे अल्कधर्मी द्रावण सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर भिजवलेल्या खजुरासारखा तपकिरी साका धरतो आणि हळूहळू बसत जातो. मग आम्ल, मग ब्युरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट, स्टार्च घातल्यावर शाईसारखा निळा रंग, आणि एका शेवटच्या थेंबासरशी तो रंग नाहीसा. दोनशे मिलिलिटर नमुना आणि ठरलेल्या तीव्रतेचे द्रावण घेतले, तर जितके मिलिलिटर द्रावण लागेल, लिटरमागे तितके मिलिग्रॅम प्राणवायू, असा सरळ हिशेब. आणि पाण्यात प्राणवायू नसेलच तर? तर साका पांढराच राहतो. हे पुस्तकात एका ओळीत होते आणि मी ते एका ओळीत शिकवत असे, कारण नळाच्या पाण्याला पांढरा साका कधी येत नाही.

एकदा आला. एका वर्षी मुलांना मी आपापल्या परिसरातले पाणी आणायला सांगितले होते. एक मुलगा कोळीवाड्यातला होता. त्याने खाडीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या तोंडाशी, ओहोटीच्या वेळी, बाटली भरून दोन्ही द्रावणे तिथेच घालून आणली होती. बाटलीत दह्याच्या निवळीत तरंगावेत तसे पांढरे शुभ्र पुंजके. मी त्याला म्हणाले, ‘‘द्रावणे जुनी झाली असतील, किंवा तू क्रम चुकवलास. पुन्हा कर.’’ दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरे. ‘‘पुन्हा कर.’’ तिसऱ्या खेपेला तो बाटली माझ्या टेबलावर ठेवून काहीसा संकोचून म्हणाला, ‘‘मॅडम, माझं नाही चुकलं. पाणीच तसं आहे.’’ मग त्याने मला खाडीबद्दल सांगितले. आजोबांच्या वेळी पहाटे बोई मासे वर येऊन तोंडे मारू लागले की ते घाईने पाग, म्हणजे फेकायचे जाळे, घेऊन निघत, कारण तेव्हा मासा सुस्त असतो, पळत नाही, पाग भरून येतो. आता त्या भागात निवट्यांखेरीज फारसे काही उरलेले नाही, असेही तो म्हणाला. निवटा चिखलावर येतो, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओलसर अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो, चिखलातल्या बिळात तोंडातून हवेचे बुडबुडे नेऊन साठवतो आणि त्या हवेच्या खोलीत त्याची अंडी वाढतात. पाण्यावर त्याची भिस्त नाही, म्हणून तो टिकला. मी त्या मुलाला पूर्ण गुण दिले. त्याची माफी मात्र मागितली नाही. शिक्षकांना ते सुचत नाही.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळू लागला, तेव्हा त्या पांढऱ्या साक्याची मला समुद्राच्या संदर्भात पुन्हा गाठ पडली. जर्मनीतल्या कील येथील गेओमार या संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जगभरच्या मोजमापांचा हिशेब मांडून दाखवले होते की १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत महासागरांतला प्राणवायू दोन टक्क्यांहून अधिक घटला. मी ते पेपर तपासणाऱ्याच्या नजरेने वाचले आणि मला त्यात फारसे काही वाटले नाही. शंभरातून अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्या मुलाची काळजी कोण करील? पुढे वाचत गेले तेव्हा लक्षात आले की ही वर्गाची सरासरी आहे, आणि वर्गाच्या सरासरीत शेवटच्या बाकावर काय चालले आहे ते कधीच दिसत नाही. ज्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ मुळीच नाही, त्याचे घनफळ याच काळात चौपटीहून जास्त झाले आहे.

कारणांपैकी एक तर आधणाच्या पातेल्यातले आहे: समुद्र तापतो आहे, आणि तापलेल्या पाण्यात वायू कमी मावतो. परंतु मोठे कारण ते नाही. समुद्राला श्वास वरूनच मिळतो. वरचे पाणी थंड आणि जड होऊन खाली उतरते, वाऱ्याने घुसळले जाते, तेव्हा कुठे खालच्या अंधारापर्यंत प्राणवायू पोहोचतो. वरचा थर तापून हलका झाला की तो दुधावरच्या सायीसारखा वरच राहतो आणि खालचे पाणी कोंडले जाते. तिकडे वरून मेलेल्या सूक्ष्म जिवांची भुकटी अखंड खाली पडत असते, जिवाणू ती खाताना असलेला प्राणवायू संपवत असतात. मागणी चालू, पुरवठा बंद. शिवाय पाणी गरम झाले की माशाच्या देहाची प्राणवायूची गरज वाढते, म्हणजे शिधा कमी होते नेमकी त्याच वेळी भूक वाढते. किनाऱ्यांजवळ त्यात शेतातून वाहून आलेल्या खतांची आणि शहरांच्या सांडपाण्याची भर पडते, शेवाळ माजते, मरते आणि कुजते. आमच्या पॉन्डमध्ये जे एका रात्रीत घडते, ते तिथे ऋतूंच्या आणि दशकांच्या हिशेबाने घडते. फरक इतकाच की त्या खोलीवरची पहाट उजाडायला पुष्कळ वेळ लागतो.

यातला आपला अरबी समुद्र हे वेगळे प्रकरण आहे, आणि त्याबद्दल बोलताना माझी जरा ओढाताण होते. वर्षानुवर्षे आम्ही त्याच्याकडे पावसाचा देणेकरी म्हणूनच पाहत आलो. याच समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खालीपर्यंत प्राणवायूचा जवळजवळ अभाव असलेला एक प्रचंड थर आहे, जगातल्या सर्वांत जाड अशा थरांपैकी एक. हा माणसाने केलेला नाही. उत्तरेकडे जमिनीने बंद झालेला समुद्र, मॉन्सूनच्या वाऱ्यांमुळे वर येणारी पोषकद्रव्ये, त्यांवर पोसलेली अफाट सूक्ष्म वनस्पती आणि तिचे कुजणे, या सगळ्याचा तो जुना, नैसर्गिक परिणाम आहे. ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून १९३३-३४ मध्ये झालेल्या मोहिमेतही त्याचा प्रत्यय आला होता. तेव्हा माझ्यासारखीने लगेच मानवजातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. पण आधीच दम्याने बेजार असलेल्या माणसाच्या खोलीत कोणी उदबत्त्यांचा पुडाच पेटवावा, तसे आता चालले आहे. ओमानच्या आखातात पाण्याखाली आपणहून फिरणारी यंत्रे सोडून केलेल्या मोजमापांत प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा पट्टा स्कॉटलंडहून मोठा भरला, असे ब्रिटिश संशोधकांनी २०१८ मध्ये जाहीर केले.

आणि हे सगळे दूर, खोल कुठेतरी आहे असेही नाही. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याला खालचे थंड, कमी प्राणवायूचे पाणी उथळ पट्ट्यावर चढून येते. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरतो, झाकणासारखा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की या पट्ट्यातला अभाव तीव्र होत चालला आहे आणि तिथून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात हवेत जात आहे. हा वायू वजनामागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे गुदमरलेला समुद्र हवेला तापवतो, आणि तापलेली हवा समुद्राला आणखी गुदमरवते. गोव्यासमोर सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइडसुद्धा सापडतो. प्राणवायू संपला, नायट्रेट संपले की जिवाणू सल्फेटकडे वळतात, त्याचे ते उच्छ्वास. कुजक्या अंड्यांचा हा वास आम्हा खाडीकाठच्या लोकांना नवा नाही. ओहोटीला खिडकी उघडी राहिली की तो घरात येतो, आणि माझ्या देवघरातले चांदीचे निरांजन ठाण्यात राहत होते तेव्हापेक्षा इथे फार लवकर काळे पडते. दर पंधरा दिवसांनी ते घासताना मी इतकी वर्षे पालिशवर चिडत आले.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. गुदमरणे हे वरून पाहणाऱ्याला नेहमी समृद्धीसारखे दिसते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मोबाइल उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या काही पहाटे तळाचे अगदी कमी प्राणवायूचे पाणी काठाकडे सरकते आणि त्याच्यापुढे पळत सुटलेले खेकडे, चपटे मासे, कोळंबी अगदी काठाच्या वीतभर पाण्यात येऊन खच्चून थांबतात. मग गावात हाकाटी होते, लोक रात्रीच्या कपड्यांतच टोपल्या आणि घमेली घेऊन धावतात, आणि हाताने मासे भरून नेतात. त्या प्रकाराला तिथे ‘ज्युबिली’ म्हणतात, म्हणजे महोत्सवच! मी हे वाचून प्रथम हसले आणि मग मला कोळीवाड्यातल्या त्या आजोबांचा पाग आठवला. खुल्या समुद्रातही तेच. उष्णकटिबंधीय अटलांटिकमध्ये कमी प्राणवायूचा थर वर चढत आल्यामुळे मार्लिनसारख्या वेगवान, दमदार माशांना खोल जाता येत नाही. ते वरच्या अरुंद पट्ट्यात दाटीने राहतात आणि तिथे ते सहज सापडतात. जाळे टाकणाऱ्याला वाटावे, यंदा मासा उदंड आहे. चाळीतल्या एका खोलीत आगीतून पळून आलेली चार बिऱ्हाडे कोंबली, तर बाहेरून पाहणारा म्हणेल, काय गजबजलेले घर आहे.

आमच्या रोहितांचेही, म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचेही, तसेच असेल का, असा विचार मनात येतो आणि तो मला आवडत नाही. दर हिवाळ्यात मी ऐरोलीहून होडीने रोहित पाहायला जाते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा मला घरचे कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. ओहोटीच्या राखाडी चिखलावर हजारो गुलाबी पक्षी मान उलटी घालून चिखल गाळत असतात, तेव्हा बोलणे थांबते. परंतु लहान रोहित जगतो तो नीलहरित शेवाळावर, आणि ते शेवाळ इथे एवढे फोफावते यामागे शहरांच्या सांडपाण्याचाही हात आहे, असे अभ्यासक मानतात. त्याच पाण्यातून मासा गेला. ठाण्याच्या बाजारातल्या ज्या मावशींकडून मी वर्षानुवर्षे मासे घेत आले, त्यांना एकदा मी खाडीच्या बोईबद्दल विचारले होते. त्या सुरीवरून नजर न उचलता म्हणाल्या, ‘‘खाडीचा म्हावरा आता कोण घेतं, बाय? रॉकेलचा वास मारतो.’’ गुलाबी थवा आणि तो वास यांचा हिशेब एकाच वहीत मांडायचा म्हटले, तर माझे पेन थांबते. मी रोहित पाहायला जाणे सोडणार नाही, हेही मला माहीत आहे.

ते तुकडे ओकणारे तोंड डोक्यातून जाईना, तेव्हा मी जुन्या प्रयोगशाळेत गेले. तिथे आता माझीच एक विद्यार्थिनी शिकवते. तिने काही न विचारता दोन बाटल्या, दोन्ही द्रावणांच्या छोट्या कुप्या आणि ड्रॉपर कागदात गुंडाळून दिले. आम्ल घालून पुढचे मोजमाप सोमवारी तिच्याकडेच करायचे ठरले. बेत असा होता की एक बाटली पहाटेच्या पाण्याची भरायची आणि दुसरी त्याच जागी दुपारी तीनच्या पाण्याची, म्हणजे तलावाचा दिवस आणि रात्र शेजारी शेजारी ठेवून नातवाला दाखवता येतील. तपकिरी रंग कसा धरतो ते मी त्याला आदल्या रात्रीच रंगवून सांगितले होते.

रविवारी पुन्हा वारा पडलेला होता. तोंडे मागच्या वेळेपेक्षा कमी होती, पण होती. ते बिस्किटवाले गृहस्थही आले होते. त्यांना मी सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘अहो ताई, मुकी जनावरं ती, खाऊ द्या की,’’ आणि त्यांनी पुडा फोडला. मी बांधावर बसून बाटली हातभर खाली नेऊन भरली, बुडबुडा राहू दिला नाही, तळाशी पहिले द्रावण सोडले, मग दुसरे, बूच लावून बाटली उलटी केली, सुलटी केली. गुडघेदुखीमुळे मला नीट वाकता येत नव्हते, म्हणून नातवाने ती दोन्ही हातांत धरून उजेडाकडे उचलली. आत पुंजके धरले आणि सावकाश खाली बसू लागले. खांद्याजवळ अगदी पुसट साईचा रंग असेल नसेल, बाकी सगळे पांढरे.

तो बराच वेळ पाहत राहिला. ‘‘आजी,’’ तो म्हणाला, ‘‘तुझं काही चुकलं का?’’

दुपारसाठी राखून ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीचे बूच मी तोवर काढलेही होते.